वेळ : सकाळी दहा ते दोन

पाटी गोमाजी पेंटरनं लिहिली, नागभीडला दवाखाना सुरू झाला तेव्हा.
सकाळी दहा ते दोन, सायंकाळी सहा ते साडेआठ,
मंगळवारी सायंकाळी बं.
शेवटचा 'द' उन्हानं कधीच खाल्ला.
डॉक्टर म्हणाले, राहू दे, कळतं लोकांना.

कळतं कुठलं.
लोक दूध काढून येतात,
रोवणीची मजुरी हातात पडली की येतात,
बाजाराला निघालोच होतो म्हणून
चार दिवसांचा जुलाब
भाजीच्या थैलीसोबत घेऊन येतात.
मी काउंटरवरून विचारते, लघवी केव्हा झाली बाळाला?
माय बोटं मोजू लागते
आणि मोजता मोजता तिचा चेहरा उतरतो.

दात येताहेत म्हणून थांबलेले,
बिब्ब्याचा चटका देऊन थांबलेले,
जावयाची मोटारसायकल मिळेल म्हणून थांबलेले.
पूर्वी मी रागवायची.
रागावलं की माणूस पुढच्या खेपेला आणखी उशिरा येतो,
एवढं या स्टुलानं शिकवलं.

दवाखान्याचा फोन रात्री माझ्या घरी असतो,
पिठाच्या डब्यावर, चार्जरला बांधलेला.

चैतातली पहाट. पाच वीस.
'मॅडम, माय अन् बाबा मोवा वेचाले गेले.
बाबू कसातरीच करून राह्यला.'
किती वर्षांची गं तू?
'सहावी ब.'

म्हटलं, त्याचा सदरा वर कर. लाइटखाली धर.
पोट वर आलं की एक.
मी थांब म्हणेपर्यंत मोज, मोठ्यानं.

माझ्या भिंतीवरचा सेकंदकाटा
आणि बावीस किलोमीटरवरून तिचा आवाज,
पाढे म्हणावेत तसा,
सेहेचाळीस, सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस,
एकोण... एकोण...
मॅडम, चुकली मी.
चुकू दे, पन्नास म्हण, पुढे चल.
काटा बारावर आला तेव्हा ती चौसष्टवर होती.

श्वास घेताना फासळ्यांखाली खड्डा पडतो का?
'पडते. माहं बोट जाते त्याच्यात.'
दूध पितो?
'तोंड लावते न् सोडते.'

मी एकशेआठला लावला. गाडी सिंदेवाहीला, पाऊण तास.
तिला म्हटलं, ज्याच्या दारात मोटारसायकल दिसेल
त्याला उठव. शिव्या दिल्या तरी उठव.
बाबूला उभा धर, छातीशी. ओढणीनं तोंड झाकू नको.
मग डॉक्टरांना उठवलं. शटर मी उघडलं.

सव्वासहाला आले.
गाडीवर रात्रीच्या नाटकातला खलनायक,
नुकताच झोपलेला, भुवया अजून काजळानं जोडलेल्या,
मागे ही, दोन वेण्या, एक सुटलेली,
कडेला बाळ, ओठांभोवती राखेचा रंग.
उतरल्या उतरल्या तिनं पाटी वाचली,
सगळी, ओळीनं,
आणि म्हणाली,
'दहाले वेळ हाये ना अजून? आम्ही थांबतो.'

डॉक्टरांनी बाळ घेतलं तिच्या कडेवरून.
ती हात तसाच वाकडा ठेवून उभी राहिली बराच वेळ.

ऑक्सिजन लागला, सलाईनची सुई तिसऱ्यांदा बसली.
मी केसपेपर काढला.
हर्षद मडावी. दहा महिने. साडेसहा किलो.
नंबर कुठून मिळाला गं तुला?
'मायनं दाराच्या मांगं लिवून ठेवला, कोयश्यानं,
मांगच्या खोकल्याच्या वक्ती.'
पालकाचं नाव, ही जागा रिकामी सोडायची नसते.
लिहिलं, प्रणोती मडावी, सहावी ब.

माय नऊला आली, पायांना जंगलाची माती.
ती काहीच बोलली नाही. पोरीची सुटलेली वेणी घातली तिनं आधी.

तिसऱ्या दिवशी वॉर्डात औषध द्यायला गेले,
तर प्रणोती खाटेला टेकलेली,
डोळे बाबूच्या पोटावर, ओठ हलताहेत.
मी दारातच थांबले, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत.
सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस,
मग थोडं थांबून, नीट,
एकोणपन्नास.
काटा बारावर होता.

गोमाजी मागच्या वर्षी गेला.
'द' अजून कोणी लिहिलेला नाही.