कापड बदलल्याची नोंद

सोनेगावच्या हँगरात कूलरचं पाणी आटलंय.
विलास नंदनवार पंखावरून हात फिरवतो,
बाप पाचपावलीत मागावर फिरवायचा तसा,
बोटांनीच ताण मोजत.

जुनं सुती कापड उतरवलं, नवं पॉलिस्टर चढवलं.
एवढंच.
पण एवढ्याला फेरबदल म्हणतात,
फेरबदलाला अर्ज लागतो, अर्जाला नकाशा,
नकाशावर ज्यांनी विमान बांधलं त्यांची सही.
ते केव्हाच पेन्शनीत गेले,
एक-दोघं त्याच्याही पुढे.

दिल्लीहून पत्र: “मूळ मंजुरी जोडावी.”
लॉगबुकात एकाहत्तर सालचं पान निघालं,
मौंदेकरांच्या तिरक्या अक्षरात:
“डावा पंख नव्यानं शिवला. टाके अडीच इंचांवर.
उडवून पाहिलं.”
खाली तेलाचा डाग. शिक्का नाही.

साहेब म्हणाले, उडवून पाहिलं हा पुरावा होत नाही.
विलास म्हणाला, मग काय करून पाहू बाप्पा,
पाडून?

चहा आला. फाइल तिथंच राहिली.

चौदा महिन्यांनी दाखला हातात पडला,
त्यात नंदनवारचा नंदनकर झालेला.
तो बराच वेळ त्या ‘क’कडे बघत बसला.
पुन्हा पाठवायचा, म्हणजे पुन्हा चौदा.

मग उठला,
तिन्ही चाकांखाली काटे सरकवले,
नव्या कापडाचा आकडा लिहिला: दीड किलो कमी.
आणि शेपटीच्या पोकळीत
मधल्या काळात कुण्या साळुंकीनं घातलेलं रिकामं घरटं
अलगद काढून
वेगळं तोललं.

तेही लिहिलं.