रिकामा दगड

संत्र्याच्या क्रेटमध्ये, तणसाखाली चार होती.
तीन गार पडलेली.
चौथं तोंड उघडून ओरडत होतं, आवाज निघत नव्हता.
मंडीतला हमाल म्हणाला, "मादी हाये वो बाई,
कोन नेईन इले?"
मी पदरात बांधली आणि वरुडहून
काळीपिवळीच्या मागच्या सीटवर घरी आणली.

चक्कीच्या तागडीत ठेवली
तर समोरचं किलोचं माप उठेना.
काढलं. अर्धा ठेवला, दोनशे, शंभर, वर पन्नास.
वहीत लिहिलं, दळणाच्या रांगेतच:
डोफे, ज्वारी, बारा किलो.
काळमेघ, गहू, आठ, बारीक.
पिल्लू, आठशे पन्नास.

नाव ठेवायचं नाही, हे पहिल्याच रात्री ठरवलं.
ज्याच्या घरी जाईल त्यानं ठेवावं.
गुरांच्या दवाखान्यात भोयरनं लसीच्या कार्डावर पेन टेकवलं,
"नाव?"
म्हटलं, जागा सोडा.
त्यानं सोडली,
पण माझ्याकडे गरजेपेक्षा जास्त वेळ पाहिलं.

मोटर धरली की ती डब्यांमागे जाऊन मुतायची.
मग मी पट्टा चढवायच्या आधी तिला मांडीवर घेऊ लागले.
ज्वारी चालू असताना दूध,
गहू चालू असताना भाकरीचा कुस्करा.
मिरचीच्या दिवशी तेवढी बाहेर, बाभळीखाली.
पंधरा दिवसांत उलटं झालं,
चक्की थांबली की तिची झोप मोडायची.
तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

बाकीचं सगळं लक्षात ठेवून केलं.
दळणाला येईल त्याच्या हातावर तुकडा ठेवायचे,
"तुम्ही द्या, तुमच्या हातानं."
तंबाखूचे हात, कापसानं चिरलेले हात,
शाळा सुटल्यावर पोट्ट्यांचे चिकट हात.
एकाच हाताची सवय लागलेलं कुत्रं
दुसऱ्या घरी उपाशी राहतं.
आधी सुताची दोरी गळ्यात, मग पट्टा.
चपलेला तोंड लावलं की "अंहं".
रात्री तिचं पोतं
माझ्या बाजेपासून रोज एक हात लांब.
पोतं उंबऱ्याशी पोचलं त्या रात्री
ती घोरत होती. मी जागी.

शेजारची गिरजा म्हणाली,
"पोरगी सासरी धाडावं तसं करून राह्यली."
म्हटलं, मले कोनं शिकवलं होतं वो,
पोतं एकेक हात सरकवत?

मोर्शीहून तिरपुडे सिस्टर आल्या, लेकाला घेऊन.
मी विचारलं, साखळीनं बांधाल?
नाही.
सहा महिन्यांनी ऑपरेशन?
तारीख लिहून ठेवली आहे.
मादी आहे, माहीत आहे ना?
"मीपण," म्हणाल्या.
पोरगा चौदाचा, बोलणं कमी. नाव काय, एवढंच विचारलं.
कार्ड दिलं त्याच्याकडे.
सोडलेल्या जागेवरून त्यानं नुसतं बोट फिरवलं.
शेवटची तागडीत बसवली. चार किलो तीनशे.

तिसऱ्या रात्री अकराला फोन.
"काकू, झोपूनच नाही राह्यली ते.
जेवते, खेळते, अंगणात जाऊन मुतते.
पण घर शांत झालं का उठून बसते."

सासरे सांगायचे, रिकामा दगड फिरवू नये,
दगड दगडाला खातो.
त्या आठवड्यात रात्रीची लाईट होती.
उठले, पट्टा चढवला, बटण दाबलं,
फोन दगडाशी धरला.
वरून दाणा नाही, खाली पीठ नाही,
सगळं गाव झोपलेलं आणि चक्की चालू.
किती वेळ, ते पाहिलं नाही.
मग पोराचा आवाज, अगदी हळू,
"काकू, बंद नका करू अजून."

सकाळी टाकीवाला बोलवावा लागला.
वहीत लिहिलं: टाकी, तीनशे रुपये.
कुणाच्या नावावर,
ती जागा सोडली.