दुसरा तीन

बाटल्या चार, चारही पेपरात गुंडाळलेल्या,
गळ्याशी रबर. तनुजाने स्केचपेनने आकडे टाकलेत:
एक, दोन, तीन, आणि चारच्या जागी
चुकून पुन्हा तीन.
उंच देठाचे ग्लास तीनच निघाले.
मला चहाचा, काचेचा. प्रल्हादला फुलपात्र.
"स्टीलमध्ये गार राहते," तो म्हणाला
आणि त्यावरच अडून बसला.

मुलुंड, अकरावा मजला. खिडकीत डोंगराचा काळा तुकडा,
खाली पाचरस्त्याला कुणाच्या तरी वरातीचा बँड अडकलेला.

उदयनला वास येईनासा झाला
त्याला सप्टेंबरात तीन वर्षं होतील.
आम्हाला पांढरी वाईन शिकवली ती त्यानेच:
ग्लास देठाला धरा,
आधी नाक, मग जीभ, मग पाच आकडे थांबा.
अजूनही तो नाक घालतो ग्लासात, सवयीने,
आणि रिकाम्या खोलीत डोकावून आल्यासारखा
परत येतो.
"सांगा," म्हणतो.

एक नंबर. सुरळीची वडी, वर ओलं खोबरं.
मी म्हटलं, गवती चहा. फ्लॉरी म्हणाली, छे,
कैरीचं देठ मोडल्यावर बोटाला लागतो तो चीक.
प्रल्हाद फुलपात्रात बराच वेळ पाहून: "लिंबू."
"कसलं लिंबू? रस, साल, की बी चावल्यावरचं?"
उदयन सोडेना.
"साल. साल किसताना नख घासलं तर."
"हां. मग वडी चालेल हिला.
फोडणीतली मोहरी जरा जड जाईल."
जात होतीच.

दोन नंबरला फ्लॉरीने तव्यावरून थेट बोंबील आणले,
वरून रवा, आत थरथर.
"थुंकी लावून पुसलेली पाटी," तनुजा म्हणाली,
आणि बाई मागे उभ्या असल्यासारखी दचकून हसली.
उदयनने घोट गालात फिरवला.
"आंबट आहे. थंड आहे. मासा गोड झाला, एवढं कळलं.
पाटी तुझ्यामुळे आली."
काटा त्याने दोनदा चोखला.

तीन नंबर म्हणजे लूनाच्या टाकीचं झाकण,
पेट्रोल, आणि बऱ्याच मागे मध.
सोबत थालीपीठ, ठेचा. गोडसर वाईन,
तिखटाला हाताला धरून खाली उतरवणारी.
प्रल्हादने डोळे पुसले, पुन्हा ठेचा घेतला.
पन्नाशीतली आम्ही माणसं, मटार सोलत बसावं
तशी शब्द सोलत बसलेली,
एका नाकासाठी.

मग दुसरा तीन.
कुणी काही बोलायच्या आत उदयन म्हणाला,
"थांबा. पेरू.
खाताना येतो तो नव्हे. कपाटात विसरलेला,
सुती साड्यांच्या घडीत.
ही दिंडोरीची. शेनिन. शैला होती तेव्हा प्यायलो होतो,
तिने वालाचं बिरडं केलेलं, कडू झालं होतं,
हिने सांभाळून घेतलं."

मी वास घेतला.
मला काकडी आली. फार तर कापलेलं गवत.
तनुजाने पेपर सोलला, लेबल माझ्याकडे धरलं.
दिंडोरी नाही. शेनिन नाही.

"बरोबर?" त्याने विचारलं.
रबर तिने मनगटात चढवलं.
"बरोबर," फ्लॉरी तव्यापाशी, न वळता.
प्रल्हादने कधी नव्हे ते फुलपात्र पुढे केलं:
"मला अजून थोडी दे. पेरूची."

खाली बँड सुटला, वळणाआड गेला.

सगळे गेल्यावर भंगारवाल्यासाठी बाटल्या विसळताना
चौथीच्या तोंडाशी नाक नेलं.
तळाला घोटभर उरलेली, कोमट.
कपाट. सुती साड्या. आत कुठेतरी पेरू.
पुन्हा घेतला वास, मग आणखी एकदा.
काकडी कुठे गेली, कोण जाणे.
नळ तसाच चालू होता.