शीळ

फोन आला तेव्हा आजोबा कुंपणाची तार ताणत होते.
स्टोकच्या श्वानगृहातली बाई म्हणाली,
मानेच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप आहे,
त्यातून तुमचं नाव निघालं. इद्वाल, दिनास, वेल्स.
रस्त्याकडेला सापडली. एक कान फाटलाय.

आजोबांनी पक्कड खिशात घातली
आणि गाडीत जाऊन बसले,
बूट तसेच चिखलाचे.

तीन वर्षं झाली त्या रात्रीला.
फाटकाचं कुलूप कापलेलं, गवतात चाकांचे वळ,
आणि साखळी. साखळी तेवढी ठेवून गेले होते.
मग महिनाभर रोज संध्याकाळी ते टेकाडावर जायचे,
दोन बोटं ओठांत घालून शीळ घालायचे,
एक लांब, दोन तुटक, शेवटी वर चढत जाणारी.
दरीपलीकडे हुवेलांचे कुत्रे कान टवकारायचे.
कादी नाही.

गेल्या हिवाळ्यात समोरचे दात काढले.
कवळी आहे. ती पेल्यातच असते.

आतून आणली ती कुत्री जाडसर, थोराड,
गळ्यात गुलाबी पट्टा, त्यावर चमकीच्या अक्षरांत
कुणा लहान पोरीनं ठेवलेलं असावं असं नाव.
"कादी," आजोबा म्हणाले.
तिनं शेपूट हलवली, कुणालाही हलवावी तशी.

त्यांनी दोन बोटं ओठांत घातली.
फू.
पुन्हा. फू.
हनुवटीवर थुंकीचा थेंब.
बाई कागद चाळू लागली,
मी वजनकाट्यावरचा आकडा वाचत राहिले, शून्य, शून्य.

कादीनं पोट फरशीला टेकवलं.
मग उठली, आणि डावीकडून लांबलचक फेरा घेत,
खुर्चीमागून, बादलीमागून, माझ्या पायांना वळसा घालून
आजोबांच्या पाठीशी जाऊन दबून बसली.
नजर त्यांच्या टाचांवर.
एक पाऊल पुढे. थांबली.
आजोबा दाराकडे एक पाऊल सरकले.
आणखी एक पाऊल.
आणखी एक.

"सही राहिलीय," बाई म्हणाली.
ती मी केली.

घरी आल्यावर त्यांनी गुलाबी पट्टा सोडला,
बराच वेळ हातात धरून बसले.
"खाऊपिऊ नीट घातलंय हिला कुणीतरी," म्हणाले,
आणि साखळीच्या खिळ्यावर
साखळी काढून
तो अडकवला.