माप

भोईवाड्यात, तिसऱ्या मजल्यावर
पतंगे मास्तर डाव्या कुशीवर आहेत.
दहाला उजव्या. पाठ नाही,
पाठीला आषाढापासून सुट्टी.

पट्टी सलाइनने भिजवून सोडवते, हळू,
चिकटलेलं ओढायचं नसतं.
वास असतो. हेमांगी खिडकीकडे बघत राहते,
समोरच्या गॅलरीत कुणाचा तरी परकर वाळतोय.

कमरेखालचं त्यांना काही कळत नाही.
तरी विचारतात, उशीत तोंड खुपसून,
"सिस्टर, माप?"
चार बाय तीन. खोली, कापसाची काडी बुडते तेवढी.
"इंचात सांगा."
चाळीस वर्षं लोकांच्या पाठी मोजल्या,
सेंटीमीटर त्यांना परका.
दीड, मास्तर.
"मग घाला की दोन टाके. सुई मी ओवून देतो."

नाही हो, ही शिवायची नसते.
वरून मिटली तर आत पू धरते.
तळापासून भरत यावी लागते,
लाल, दाणेदार, भिजल्या मसुरीसारखी.
"म्हणजे अस्तर आधी."
हो. अस्तर आधी.

गणपती गेले. आज सव्वा भरलं.
हेमांगीच्या वहीत रात्रीचे दोन, चार, सहा,
प्रत्येकापुढे सही, झोपेत घसरलेली.

निघताना सवयीने टाच उचलून पाहिली.
तांबूस डाग. बोटाने दाबला, सोडला.
पांढरा झाला नाही.

पिशवी पुन्हा खाली ठेवली.
"काय झालं?"
काही नाही, मास्तर.
हेमांगी, जादाची उशी कुठाय?