हिरा तेल धरतो

शहापूरच्या दुकानात अण्णा कुड्या चिमट्यानंच उचलायचे.
बोट लावू नको म्हणायचे,
हिरा तेल धरतो, पाणी धरत नाही.
मी बोट लावलेलंच असायचं.

आता माझा हिरा चिमट्यात येत नाही.
केसाच्या जाडीत हजारभर बसतील.
कुरिअरनं आला तो काजळासारखा, डबीच्या तळाला.
पाण्यावर सोडला तर वरच राहिला,
चुलीतली राख तरंगते तसा, अंग चोरून.

आत खोल एक कार्बन गैरहजर आहे
आणि शेजारच्या घरात नायट्रोजन भाड्यानं राहतोय.
उजेड येतो तो या रिकाम्या जागेतून.
म्हणजे खोट.
अण्णा असल्या खड्याचे पैसे कापायचे.

बसलिंग भट्टी लावतो. साडेचारशे अंश, पाच तास, साधी हवा.
पहिल्या वेळी मीटरनं दगा दिला, काटा सहाशेवर,
आणि मूस उघडली तर मूसच फक्त.
दोन महिन्यांची फेलोशिप धुराड्यातून गेली,
काकतीच्या उसानं खाल्ली असेल.

दुसऱ्या खेपेला काजळी तेवढी जळाली.
अंगभर ऑक्सिजन लेवून हिरा पाण्यात उतरला
आणि दिसेनासा झाला.
खाली बसेना, वर येईना.

हिरव्या लेसरखाली धरला.
पडद्यावर एक तांबडा ठिपका. मग सात. मग मी मोजणं सोडलं.
"केंपु," बसलिंग म्हणाला, "केंपु नोड्री, मॅडम."
"तांबडा," मी म्हटलं, उगाचच,
जसं काही वहीत दोन्ही लिहायला जागा नव्हती.

त्यातलाच अर्धा हायड्रोजनमध्ये तापवून आणला.
आत काहीच हललं नव्हतं,
तीच रिकामी जागा, तोच भाडेकरू.
पण वरच्या एका अणूएवढ्या थरानं
आतला एक इलेक्ट्रॉन काढून घेतला
आणि तांबडा उतरत गेला, नारिंगी,
मग नुसता पडदा.
बसलिंगनं वायर हलवून बघितली.
मी लेसर पुसला. दोनदा.

रात्री घरी अण्णांना सगळं सांगितलं.
लेसरचं त्यांनी काही विचारलं नाही,
ग्रॅमला काय भाव ते विचारलं,
सहाशेवर जळालेला कुणाच्या नावावर टाकलीस ते विचारलं.
मग ताट पुढे सरकवता सरकवता
माझ्या बोटांकडे बघत राहिले.
"हात धुतलीस काय?"