बुधवारचे कान

वेल्सच्या उत्तरेला, पाटीच्या दगडाच्या गावात,
दर बुधवारी माझ्याकडे कान येतात.
आज इवोर प्रिदर्ख, वय एक्याऐंशी,
दोन बस बदलून आलेला,
टोपी मांडीवर, आवाज उगाच मोठा.

डावा कान. दिव्याच्या नळीतून पाहिलं :
काळपट, घट्ट, आत रेटून बसवलेला मळ.
"काडी घालता का?"
"गाडी? नाही, बसनं आलो."

पाणी तयार होतं, अंगाच्या उबेइतकं;
त्याहून थंड असलं की माणसाभोवती खोली फिरते.
नळी हातात धरून मी यादीतले प्रश्न विचारले.
प्रत्येकाला त्याचं "नाही",
प्रश्न संपायच्या आधीच.

मग कागद घेतला. ठळक लिहिलं :
कानाचा पडदा कधी फाटला होता?
ज्यानं जन्मभर पाट्यांचा दगड चिरला
त्याच्यापुढे अक्षरं धरताना
मीच शाळेत उभी आहे असं वाटलं.

त्यानं वाचलं. चष्मा पुसला. पुन्हा वाचलं.
"एकोणसत्तर साली. सुरुंग लवकर उडाला.
महिनाभर उशीला रक्त.
नेस्टानं खोळ शेवटी चुलीत घातली."
हे मात्र हळू आवाजात.

मी पंप बंद केला.
पाणी बेसिनमध्ये ओतून दिलं.

"दोन बस!" तो ओरडला. "आणि तू काहीच करणार नाहीस?"
"नाही. पाणी नाही, तेलाचे थेंबही नाहीत.
बँगोरच्या दवाखान्यात कोरडंच काढतील,
भिंगातून बघत, बारीक नळीनं ओढून."
चिठ्ठी लिहिली. त्यानं माझ्याकडे न बघता घेतली.

दारापाशी थांबला. खिसा चाचपला.
टेबलावर केसांची एक पिन ठेवली, टोकाशी वाकलेली.
"ही राहू दे तुझ्याकडे.
घरात असली की रात्री हात जातो."

पिन मी पाकिटात घातली, वर त्याचं नाव.

सहा आठवड्यांनी रक्तदाब मोजायला आला.
मी कपाटाकडे गेले आणि परत आले.
"तुझा उजवा बूट करकरतो," तो म्हणाला.
चार वर्षं हेच बूट घालतेय,
कुणी बोललं नव्हतं.

जाताना पिन मागितली.
"नेस्टाची आहे."
पाकीट पुढे करत मी म्हटलं,
"कानात नाही घालायची हं!"

"ऐकलं," तो म्हणाला. "ओरडतेस कशाला?"